भोंगा होईपर्यंत

डोळे मिटायचे, उजवा हात वर करायचा आणि चौकात ट्रक अडवावा तसा पंजा उघडायचा. ढोल थांबला, गिटारी थांबल्या, की डोळे न उघडताच तो म्हणायचा, "चलो, शुरू से."

चूक कोणाची आणि केवढी, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तारेत खरखर आली, शुरू से. तिवारीला शिंक आली, शुरू से. एकदा गल्लीतून पनागरचा भाजीवाला "मेथी ले लो" ओरडत गेला. यानं पंजा उघडला. म्हणाला, "वो भैया सुर में है, आपण नाही. चलो, शुरू से."

तुमच्याही गल्लीत असा एक असेल. केस मानेपर्यंत, मे महिन्यात काळा टी-शर्ट, आणि चेहरा असा की जगानं याचं काहीतरी नेलं आहे आणि हा ते परत आणायला निघाला आहे. आईनं हाक मारली की मात्र मुकाट कढीपत्ता आणायला जाणार. आमच्या जबलपूरच्या रांझीत हा होता. त्याचं नाव लिहीत नाही. आता तो नोकरदार माणूस आहे, आणि नोकरीत अशा गोष्टी निघालेल्या चालतात की नाही, मला माहीत नाही. मला अशा गोष्टींची फार भीती वाटते.

मी वरूडकडचा. आठवीत शाळा सोडली, इकडेतिकडे हात मारले आणि एका ओळखीच्यानं रांझीच्या साऊंड सर्व्हिसच्या दुकानात लावून दिलं. लग्न, जागरण, भाषण, जिथे माईक तिथे मी. जबलपुरात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. दुकानामागच्या खोलीत राहायचो आणि मालक खोकला तरी वाटायचं, आता मला काढतोय.

एक दिवस हा आणि त्याचे दोन शाळासोबती दुकानात आले. गोलू ढोलवाला, म्हणजे ड्रमवाला, तो मराठी. तिवारी जाड तारांची गिटार वाजवायचा. नर्सरीपासून तिघं एका बाकावर. त्यांना बँड काढायचा होता आणि स्पीकर हवा होता. मालकानं एक फुटका स्पीकर दिला आणि त्याच्यासोबत मला दिलं, कारण मालकाचा स्पीकरवर जीव होता आणि पोरांवर नव्हता.

घरी पोचलो. यानं मला पुढे केलं आणि आईला सांगितलं, "आई, हे आमचे साऊंड इंजिनियर."

मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

काकूंनी मला खुर्ची दिली. पोहे दिले, वर शेव टाकून. आठवी सुटल्यापासून मला कोणी बस म्हटलं होतं ते स्टुलावर, खुर्ची पहिल्यांदा. मी घाबरून हळूच त्याला म्हटलं, "मी इंजिनियर नाही ना. मी वायर जोडतो."

"तर? इंजिनियर काय करून राहिला असतो?" तो म्हणाला. "तोच जोडतो. भैया, टेन्शन नको घेऊ."

ही गोष्ट मी फोनवर आईला सांगितली, आणि आईनं ती गावाला सांगितली. अजूनही आमच्या गावात कोणाचा पंखा बंद पडला की लोक दुरुस्त करत नाहीत. म्हणतात, थांबा, दिवाळीला इंजिनियर येऊन राहिला. मी दिवाळीला जातो, पंखे लावून देतो आणि कोणी डिग्री मागायच्या आत गाडी पकडतो.

सराव त्याच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात चालायचा. त्याचे वडील सरकारी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला. दिवसभर लोखंडाचे भाग हातात घेऊन उलटसुलट पाहायचे आणि तीनपैकी एक शब्द बोलायचा: पास, रिजेक्ट किंवा रिवर्क. रिवर्क म्हणजे माल वाईट नाही, परत हात फिरवून आणा. काका घरी आले तरी हेच तीन शब्द चालू. काकूंची भाजी पास, टीव्हीवरचे पुढारी रिजेक्ट, आणि मुलगा जन्मापासून रिवर्क.

काकांचा सरावाला विरोध नव्हता. अट एकच. "फॅक्टरीचा भोंगा झाला की माझ्या घरात आवाज नको. दिवसभर कानात मशिनी असतात. घरी मले पंखा ऐकू आला पाहिजे."

म्हणून आमचा बँड भोंग्यावर चालायचा. संध्याकाळी सुट्टीचा भोंगा रांझीभर घुमला, की गोलूच्या काठ्या हवेतल्या हवेत थांबायच्या. तिवारी शब्द अर्धा टाकून गिटार पिशवीत घालायचा. मी बटण दाबायचो. तो म्हणायचा, "चलो, उद्या." काकांची सायकल फाटकाशी लागेपर्यंत व्हरांडा असा चिडीचूप की तिथे नुसती कढी उकळत असावी.

काकांनी आमचं गाणं कधी ऐकलंच नाही. ऐकणार कसं? ते फाटकात असायचे तेव्हा गाणं संपलेलं असायचं. निदान आम्हाला वाटायचं, संपलं.

प्रत्येक सराव फोनवर रेकॉर्ड करायचा, हे काम माझं. त्याचा हुकूम होता, "भैया, रेकॉर्ड करा. चुका ऐकायच्या आहेत." त्या चुका कोणीही कधी ऐकल्या नाहीत. माझा फोन भरून गेला. आईचे फोटो पुसून मी त्यात त्यांच्या चुकांसाठी जागा केली.

बँडला नाव मात्र ठेवता आलं नाही. नावाची बैठक बसायची, तिवारी एखादं कडक इंग्रजी नाव सुचवायचा, गोलू म्हणायचा हे तर औषधाचं नाव वाटतं, आणि पुन्हा शुरू से. नाव नव्हतं तरी फोटो मात्र काढून झाले होते. त्यासाठी भेडाघाटला गेलो. पांढऱ्या खडकांसमोर हे तिघं काळ्या कपड्यांत उभे, कोणी हसायचं नाही. "रॉकवाले हसत नाहीत," तो म्हणाला. इतके गंभीर उभे राहिलेले पाहून फिरायला आलेल्या लोकांना वाटलं, हे इथले फोटोवाले. "भैया, एक हमारा भी खींच दो." याला कोणाला नाही म्हणता येत नसे. दिवसभर त्यानं नवरा-बायकोंचे, आजी-नातवंडांचे फोटो काढले, "दादी, थोडा मुस्कुराइए" म्हणत. आमचा एकच फोटो निघाला. त्यात गोलूचे डोळे मिटलेले आहेत.

गाणंही एकच होतं. त्यानं स्वतः लिहिलेलं, हिंदीत, भिंती पाडून टाकण्याबद्दल. सगळ्या भिंती पाडू, असं तो गळ्याच्या शिरा ताणून म्हणायचा, आणि ते म्हणताना सवयीनं व्हरांड्याच्या भिंतीवर मूठ आपटायचा. पोपडे पडायचे. एका रविवारी काकांनी ते पोपडे पाहिले.

"हे काय होऊन राहिलं इथं?"

"बाबा, गाण्यात भिंत पाडायची आहे."

"भिंत सरकारची आहे," काका म्हणाले. "पाडायची असेल तर आधी इस्टेट ऑफिसात अर्ज दे."

विद्रोहावर यापेक्षा मोठा आघात मी पाहिलेला नाही. त्या दिवसापासून तो मूठ स्वतःच्या मांडीवर आपटू लागला.

अशी दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी भोंगा झाला, काका आले, काकूंनी मलाही जेवायला थांबवलं. काकांनी पोळी उलटून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पोळीकडेच पाहत म्हणाले, "पुण्याहून आत्याचा फोन होता. तिच्या ओळखीत एका कंपनीत जागा आहे."

हा म्हणाला, "बाबा, मी बँड करून राहिलो."

"तेच विचारतो. काय करून राहिला? दोन वर्षं झाली. एक गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लोकांसमोर वाजवून दाखव. मी येऊन ऐकतो. वाजवलं, तर वर्षभर नोकरीचं नाव काढणार नाही. नाही वाजवलं, तर दिवाळीनंतर पुण्याला."

"एकच गाणं?"

"एकच. पण पूर्ण."

तो हसला. मीही हसलो, घास तोंडात असून. एक गाणं! हे म्हणजे पोहणाऱ्याला सांगणं की बादलीत उतरून दाखव. त्यानं काकांच्या हातावर हात मारून शब्द दिला. काकूंनी तेवढ्यात मला अजून एक पोळी वाढली, आणि मग मला कळलं. हा पुण्याला गेला तर ही पोळी, ही खुर्ची, हा "इंजिनियर", सगळं त्याच्यासोबत जाणार होतं. त्याचं एक वर्ष पणाला लागलं होतं. माझं घर लागलं होतं.

लोक शोधायचे होते. ते मराठी मंडळाच्या गणपतीत मिळाले. रांगोळीची बक्षिसं आणि आरती यांच्यामध्ये थोडा वेळ रिकामा होता. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले एक आजोबा. त्यांनी विचारलं, "नाट्यगीत येतं?"

"नाही, आजोबा."

"भावगीत?"

"आम्ही रॉक करतो."

आजोबांनी जरा विचार केला. "करा. पण मांडवाच्या खांबाला टेकू नका. आणि आरतीला उशीर नको, मोदक थंड होतात." मग नाव विचारलं. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'रांझी येथील होतकरू मुलांचा वाद्यवृंद'. तिवारीनं मला अर्थ विचारला. मी सांगितला. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हा मला घेऊन कमानिया गेटला गेला, गिटारच्या तारा घ्यायला. तारा घेतल्या, मग खव्याची जलेबी खाल्ली. तिथल्या गर्दीत उभ्याउभ्या तो म्हणाला, "भैया, उद्या जमलं ना, तर वर्षभरात दुसरं गाणं करू."

"काहून नाही जमणार?" मी म्हटलं. पण माझी जलेबी तशीच पानाच्या दोन्यात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पुढे सतरंजीवर बायका आणि लहान पोरं, मागे खुर्च्या. काका दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. त्यांच्या हातात लोखंडाचा भाग नव्हता, एवढंच. बाकी बसणं ड्युटीवरचंच.

त्यानं माईक धरला. "नमस्कार. आम्ही तुम्हाला एक गाणं ऐकवून राहिलो." आजोबांनी पहिल्या रांगेतून मान डोलावली, मराठी बोलला, पोरगा चांगल्या घरचा आहे.

आणि त्यांनी वाजवलं. खोटं नाही सांगत, चांगलं वाजवलं. तिवारीला शिंक आली नाही. भाजीवाला आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा गाणं अडलं नाही. भिंती पाडायची ओळ आली तेव्हा पुढच्या पोरी उड्या मारायला लागल्या. काकांची बोटं मांडीवर हलत होती. मी मशीनमागे उभा राहून गणपतीला म्हणत होतो, झालं, झालं, आता एवढं संपू दे.

ते संपलं नाही.

शेवटची ओळ झाली. त्यानं ती पुन्हा म्हटली. पुन्हा म्हटली. गोलूनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिवारीकडे, तिवारीनं माझ्याकडे. तेव्हा लख्ख लक्षात आलं: आमच्या गाण्याला शेवट नव्हता. तो कोणी कधी बसवलाच नव्हता. दोन वर्षं रोज ते काम फॅक्टरी करत होती. आणि आता फॅक्टरी केव्हाच सुटली होती.

तरी तो हुशार. त्यानं मार्ग काढला. डोळे मिटले, उजवा हात वर केला, पंजा उघडला. ढोल थांबला, गिटारी थांबल्या. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. काका खुर्चीत सरळ झाले. एवढ्यावर गप्प बसला असता, तर एक वर्ष त्याचं होतं.

पण पंजा उघडल्यावर त्याच्या तोंडातून जे निघतं तेच निघालं. माईकवर. साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"चलो, शुरू से."

आणि गोलूनं, बिचाऱ्यानं, शुरू केलं.

दुसऱ्यांदा भिंती पडायला लागल्या तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. एका बाईनं शेजारणीला विचारलं, "हे तेच आहे ना हो?" शेजारीण म्हणाली, "नाही, हा दुसरा अंतरा असेल." मोदकांच्या ताटांवरचे रुमाल उचलून पाहणं सुरू झालं. शेवटी आजोबा उठले. शांतपणे मूर्तीपाशी गेले, घंटा उचलली आणि आरती सुरू केली.

मांडव उभा राहिला. टाळ्या आरतीच्या ठेक्यात पडायला लागल्या. गोलू लहानपणापासून याच मांडवात झांज वाजवून मोठा झालेला; त्याचे हात त्याला न विचारता तिकडे गेले. भिंती अर्ध्या पाडून गाणं आरतीत विरघळलं. तिवारीही वाजवत राहिला. हा मात्र गिटार गळ्यात अडकवून, हात जोडून उभा होता. डोळे मिटलेले. काका टाळ्या वाजवत होते, पण पाहत होते मुलाकडे.

प्रसाद घेऊन काका मांडवामागे आले. आम्ही तिघं वायरी गुंडाळत होतो, तो जमिनीकडे पाहत होता. काकांनी मोदक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "रिवर्क."

मला हायसं वाटलं. रिवर्क म्हणजे परत हात फिरवून आणा! पण याला ते ऐकू आलं नाही, किंवा त्याला वेगळंच ऐकायचं होतं. म्हणाला, "नाही, बाबा. पूर्ण म्हटलं होतं. शब्द दिला होता." काकांजवळ तीनच शब्द. चौथा आला नाही. त्यांनी मोदक त्याच्या हातावर ठेवला आणि सायकलीकडे गेले.

दिवाळीनंतर तो पुण्याला गेला. गोलू इंदूरला शिकायला, तिवारी भरतीच्या क्लासला. स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. गाडी हलली तसा तो दारातून म्हणाला, "भैया, आपल्याला सुरुवातच येते. तिथे जाऊन तेच करतो." मग हसला. रॉकवाला नव्हता राहिला ना.

आता तो पुण्यात कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकतो. "सर, पहिल्यापासून सांगा," असं त्याला दिवसभर म्हणावं लागतं म्हणे. फोन करतो. नवीन कोणी समोर असला तर माझी ओळख अजून तशीच करून देतो: जबलपूरचे आमचे इंजिनियर. रांझी ज्यांची होती ते गेले आणि मी, वरूडचा, इथेच राहिलो. मालक खोकला की अजून दचकतो.

मागच्या महिन्यात काका दुकानात आले. रिटायर झाले, क्वार्टर सोडायचं होतं. खांद्याला डब्याची जुनी पिशवी. तिच्यातून एक वायर काढून काउंटरवर ठेवली. "कपाटामागे सापडली. तुझी असेल." मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले, पिशवी पायाशी ठेवली, दुकानातले स्पीकर एकेक करून पाहिले.

"ते गाणं आहे तुझ्याकडे?"

"मांडवातलं नाही, काका. घरचं आहे. सरावाचं."

"लाव."

हाताला आलं ते लावलं. त्यात खुर्च्या सरकल्या, त्यानं आकडे म्हटले, गाणं सुरू झालं. शिंक. "चलो, शुरू से." पुन्हा सुरू झालं. काका मान तिरकी करून ऐकत होते. गाणं चांगलं लागलं होतं त्या दिवशी. भिंती पडल्या, शेवटची ओळ आली, आणि तिच्या शेपटावर भोंगा वाजला. लांब, रांझीभर. ढोल थांबला. गिटारी थांबल्या.

काका उठून उभे राहिले. पिशवी खांद्याला लावली आणि खिशात सायकलीची किल्ली चाचपायला लागले.

"काका," मी म्हटलं, "फोनमधला आहे तो."

"माहीत आहे मले." पण बसले नाहीत.

मी त्या दिवशी रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरलो असेन; फोन चालूच राहिला होता. "चलो, उद्या." पिशव्यांच्या चेना. काकूंचं "आवरा रे, आले." मग नुसता पंखा, बराच वेळ. मग फाटक वाजलं, सायकल स्टँडला लागली, आणि काकांचाच आवाज आला, "झालं का रे तुमचं?"

"झालं, बाबा."

एवढ्यावर रेकॉर्डिंग संपलं. काका किल्ली हातात धरून फोनकडे पाहत उभे होते.

"हेच तिथं काहून नाही वाजवलं त्यानं?" ते म्हणाले. "चांगलं संपते की."